डॉ. वसंत रामजी खानोलकर: परळच्या प्रयोगशाळेतला जंतू आणि कुष्ठरोगाची लस

महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांवर त्वचातपासणीच्या मोहिमेत मदतीला फिरताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. देवीची लस आली, पोलिओची आली, करोनाची तर वर्षभरात आली, मग कुष्ठरोगावर लस का नाही?

खरं उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. लस बनली होती. तीही आपल्या मुंबईत, परळला. लाखाहून जास्त लोकांवर जी मोठी चाचणी झाली, त्यात ती होती आणि निकालही चांगला आला. पण ज्या जंतूपासून ती बनली तो शोधताना शास्त्रज्ञांच्या मनात लस नव्हतीच, वेगळंच काहीतरी होतं. ही गोष्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या आयुष्याशी बांधलेली आहे, म्हणून आज त्यांच्याबद्दल सांगतो.

आधी रोग समजून घेऊ

कुष्ठरोग म्हटलं की डोळ्यासमोर झडलेली बोटं आणि तळपायाच्या न भरणाऱ्या जखमा येतात. जंतू मांस खातो आणि बोटं गळून पडतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं होत नाही.

हा जंतू थंडाव्याच्या जागा शोधतो: त्वचा, नाक, कानाची पाळी आणि त्वचेजवळून जाणारे मज्जातंतू. मज्जातंतू खराब झाले की तो भाग बधिर होतो. चुलीतला निखारा हाताला लागला तरी कळत नाही. लावणीच्या वेळी अनवाणी पायात काटा गेला तरी माणूस दिवसभर त्याच पायावर चिखलात उभा राहतो. आपल्याला दुखतं म्हणून आपण लंगडतो आणि जखमेला विश्रांती मिळते. इथे दुखतच नाही, त्यामुळे त्याच जागेवर रोज दाब पडत राहतो. जखम खोल जाते, हाडापर्यंत पोचते. त्यात भलतेच जंतू शिरतात आणि मग बोटं जातात. म्हणजे व्रण हा रोगाचा शेवटचा अंक आहे. सुरुवात असते ती एका फिकट किंवा लालसर, बधिर चट्ट्याने.

दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. बहुतेक माणसांच्या शरीरात हा जंतू शिरला तरी रोग होत नाही, शरीर त्याला निपटून काढतं. ज्यांना होतो त्यांच्यातही दोन टोकं दिसतात. एका टोकाला प्रतिकारशक्ती जोरात लढते. तिथे एखाद-दोन चट्टे असतात आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला प्रतिकारशक्ती या एका जंतूपुरती जणू झोपलेली असते. हेच शरीर बाकीच्या जंतूंशी व्यवस्थित लढतं, याला मात्र ओळखतच नाही. मग त्वचेत जंतूंचे ढीग साचतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, अंगावर गाठी येतात. या दुसऱ्या प्रकाराला लेप्रोमॅटस म्हणतात. पुढची सगळी गोष्ट या झोपेची आहे.

लंडनहून परळला

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या घरातला. लंडन विद्यापीठातून १९२३ साली ते पॅथॉलॉजीत एम. डी. झाले. पॅथॉलॉजी म्हणजे रोगाने शरीरात नेमकं काय बिघडवलं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं शास्त्र. त्या काळात लंडनची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून चांगला पैसा करता आला असता. त्यांनी शिकवणं आणि काचपट्ट्या बघणं निवडलं. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, या दोन्ही ठिकाणी ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते.

परळ म्हणजे तेव्हाचं गिरणगाव. कोकणातून, आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातून गेलेली माणसं तिथल्या गिरण्यांमध्ये राबत होती आणि चाळीत एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. जवळच वडाळ्याला १८९० पासून कुष्ठरोग्यांसाठी अ‍ॅक्वर्थ आश्रम होता. परळमध्येच १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले.

धोतराची गाठ आणि कॅन्सर

टाटामध्ये त्यांनी पहिलं काम केलं ते मोजण्याचं. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ आलेल्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली छापला. तंबाखू, पान, विडी या सवयी आणि कॅन्सरची जागा यांचा संबंध त्यांनी आकड्यांतून तपासला.

त्याहून नवलाचा लेख १९४५ चा, डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत लिहिलेला. त्यात त्यांनी राहणीमानाशी जोडलेले भारतातले कॅन्सर मांडले. त्यातला एक धोतराचा कॅन्सर. वर्षानुवर्षं कमरेला त्याच जागी घट्ट धोतर आवळलं की त्वचेवर वळ पडतो, रंग बदलतो, ती जाड होते आणि क्वचित कुणाला तिथे न भरणारा व्रण होऊन त्याचा कॅन्सर होतो. साडीच्या परकराच्या नाडीनेही असं होऊ शकतं हे पुढे इतर डॉक्टरांनी नोंदवलं. रोग दुर्मीळ, पण यात खानोलकरांची पद्धत दिसते. व्रण दिसला की नुसता व्रण बघायचा नाही. तो त्याच जागी का झाला, हे विचारायचं.

मज्जातंतूत लपलेला जंतू

हीच पद्धत त्यांनी कुष्ठरोगाला लावली. बहुतेक संशोधक वाढलेला रोग तपासत, कारण तिथे जंतू भरपूर सापडतात. खानोलकरांनी उलटं केलं. नुकत्याच उमटलेल्या, जेमतेम दिसणाऱ्या चट्ट्यांचे तुकडे तपासले. या सुरुवातीच्या चट्ट्यांवरचा त्यांचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. वरून त्वचा जवळपास ठीक दिसत असतानाही आतल्या बारीक मज्जातंतूंमध्ये जंतू असतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

जंतू मज्जातंतूच्या अगदी आतल्या धाग्यातून वर सरकत जातो, असं त्यांचं मत होतं. पुढच्या संशोधनाने हा भाग बदलला. धाग्याभोवती आवरण बनवणाऱ्या श्वान पेशी असतात, त्या जंतूचं मुख्य घर आहेत हे आता माहीत आहे. पण मूळ मुद्दा टिकला: कुष्ठरोग हा त्वचेवर दिसणारा, पण मुळात मज्जातंतूंचा रोग आहे. आज तपासणीत आम्ही चट्ट्यावर संवेदना बघतो, कोपराजवळची आणि गुडघ्याजवळची नस चाचपतो, त्यामागे हेच ज्ञान आहे.

१९५८: जो वाढत नाही त्याला वाढवण्याचा प्रयत्न

आता अडचण समजून घ्या. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ सालीच पाहिला होता. क्षयाचा जंतू त्यानंतर नऊ वर्षांनी सापडला, पण तो प्रयोगशाळेत वाढवता आला आणि त्यावर लस आली, औषधं आली. कुष्ठरोगाचा जंतू मात्र बाटलीत वाढायलाच तयार नव्हता. आजही नाही. आपल्या आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला बारा ते चौदा दिवस लागतात, आणि तेही जिवंत शरीरातच. जंतू वाढवता येत नसेल तर लसीला कच्चा माल कुठून आणायचा?

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. नाव कॅन्सरचं, पण त्यांनी कुष्ठरोगालाही तिथे जागा दिली. त्यांच्या हाताखाली १९४९ साली पीएच. डी. केलेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी संवर्धन शिकून आल्या होत्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवण्याचं हे तंत्र. गाय म्हणजे ज्यांनी हेला पेशी प्रथम वाढवल्या तेच. रणदिवेंनी परळला भारतातली पहिली पेशी संवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

कॅन्सरसाठी आणलेलं हे तंत्र कुष्ठरोगासाठी वापरून बघायचं ठरलं. जंतूला मज्जातंतू आवडतात ना, मग बाटलीतही त्याला मज्जातंतूच देऊ, असा विचार. डॉ. सी. व्ही. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी लेप्रोमॅटस रुग्णांच्या गाठींतला नमुना घेतला आणि मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळील मज्जापेशींच्या संवर्धनात सोडला. त्यातून जंतू वाढला. १९५८ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणू लागले.

अपेक्षित जंतू हा नव्हेच

इथे गोष्टीला कलाटणी मिळते. जगभरच्या तज्ज्ञांना शंका होती. जो जंतू पंच्याऐंशी वर्षं कुणाला वाढवता आला नाही, तोच हा कशावरून? बाटलीत वाढतोय म्हणजे दुसराच कुणीतरी असेल.

शंका बरोबर निघाली. पुढच्या तपासण्यांत कळलं की आयसीआरसी हा कुष्ठरोगाचा खरा जंतू नाही. तो त्याच्याच मोठ्या कुटुंबातला, एव्हियम-इंट्रासेल्युलर नावाच्या गटातला आहे. कुष्ठरोगाचा खरा जंतू वाढवायला संशोधकांनी वेगळे रस्ते शोधले: १९६० मध्ये उंदराच्या पंजात, आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आर्मडिलो या खवलेवाल्या प्राण्याच्या शरीरात.

कुठल्याही संस्थेत अशा वेळी काय होतं? प्रकल्प गुंडाळला जातो, बाटल्या धुऊन ठेवल्या जातात. परळला तसं झालं नाही. जंतू एका माध्यमातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असा वर्षानुवर्षं जिवंत ठेवला गेला. हे काम कंटाळवाणं असतं, त्यावर लेख छापून येत नाहीत. पण बीसीजीची लसही अशीच बनली होती. कालमेत आणि गेराँ यांनी एक जंतू तेरा वर्षं माध्यमं बदलत सांभाळला, तेव्हा कुठे ती हाती आली.

दरम्यान खानोलकरांवर बाकीच्या जबाबदाऱ्या वाढल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद, अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीतलं काम, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, पद्मभूषण, असा मोठा पसारा झाला. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना आजही ओळखतात. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

भाऊबंदाकडून ओळख पटवणं

त्याच संस्थेत डॉ. एम. जी. देव यांनी १९७९ मध्ये आयसीआरसी जंतूपासून लस तयार केली. जंतू गॅमा किरणांनी मारायचे आणि मेलेले जंतू टोचायचे.

आता विचाराल, जंतू वेगळा, तर लस कशी चालेल? देवीच्या लसीत देवीचा विषाणू नव्हताच, गाईच्या देवीचा होता. दोन्हींचं बाहेरचं रूप इतकं मिळतंजुळतं की एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. गावात एखाद्या घराण्याच्या चेहऱ्याची ठेवण माहीत असली की त्यांचा मुंबईचा पुतण्याही आपण ओळखतो, तसंच. लेप्रोमॅटस रुग्णाचं शरीर खऱ्या जंतूला ओळखत नाही, पण त्याच्या भाऊबंदाला बघून जागं होतं, आणि एकदा जागं झालं की खऱ्यालाही पकडतं.

हे जागं होणं मोजता येतं. लेप्रोमिन नावाची एक चाचणी आहे. मेलेल्या कुष्ठजंतूंचा अर्क हातावर टोचायचा आणि तीन-चार आठवड्यांनी गाठ येते का पाहायचं. झोपलेल्या शरीरात गाठ येत नाही. आयसीआरसी लस दिल्यावर काही लेप्रोमॅटस रुग्णांमध्ये ती येऊ लागली. म्हणजे ही लस रोग टाळण्यापुरती नव्हती, रोग झालेल्यांच्या उपचारातही तिचा उपयोग होण्याची शक्यता दिसली. याला इम्युनोथेरपी म्हणतात: औषधाने जंतू मारायचा आणि सोबत शरीराची स्वतःची फौज उभी करायची.

पण यात धोका आहे, तो लपवून चालणार नाही. फौज जागी होते तेव्हा जंतू लपले असतील तिथे ती तुटून पडते, आणि जंतू लपलेत मज्जातंतूत. लढाईत मज्जातंतूच सुजतो. चट्टे अचानक लाल होतात, नस दुखते, हाताची पकड जाते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती लस न देताही, नुसत्या औषधोपचारातही येऊ शकते. तेव्हा स्टेरॉइड वेळेत दिलं नाही तर व्यंग कायमचं राहतं. म्हणून या रोगात प्रतिकारशक्तीला कधी उठवायचं आणि कधी शांत करायचं, दोन्ही जमावं लागतं.

मग ती आपल्याला का मिळत नाही?

तमिळनाडूत १९९० च्या दशकात मोठी चाचणी झाली. १,७१,४०० निरोगी लोकांना पाच गटांत वाटलं: नुसती बीसीजी, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू, एमडब्ल्यू नावाची दुसरी भारतीय लस, आयसीआरसी, आणि पाचव्या गटाला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हतं. १९९८ साली निकाल छापला. आयसीआरसीचं संरक्षण ६५.५ टक्के, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू ६४ टक्के, नुसती बीसीजी ३४.१ टक्के, एमडब्ल्यू २५.७ टक्के. ६५.५ टक्के म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गटात शंभर जणांना रोग झाला असं धरलं, तर तेवढ्याच मोठ्या आयसीआरसी गटात साधारण पस्तीस जणांना झाला.

तरीही ती सरकारी लसीकरणात आली नाही. माझ्या मते मुख्य कारण चांगलं आहे. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधांचा एकत्र उपचार सुचवला होता. पहिल्या काही डोसांतच रुग्णाकडून लागण होणं थांबतं आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. रुग्ण झपाट्याने कमी झाले. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले. इतक्या कमी रुग्णांसाठी सगळ्यांना लस टोचण्याचा हिशेब जमेना. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी विकसित केलेल्या एमडब्ल्यू लसीला औषधांच्या जोडीने उपचार म्हणून भारतात मान्यता मिळाली. तिचं आजचं नाव एमआयपी.

पण कमी म्हणजे संपला नाही. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात सापडतात. लहान मुलांमध्ये सापडतात तेव्हा समजायचं की लागण अजून चालू आहे. म्हणून संशोधनही थांबलेलं नाही. खानोलकरांनी घडवलेली ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि २००२ पासून अ‍ॅक्ट्रेक नावाने खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. महाडहून मुंबईला जाणारी एसटी तिच्याजवळून जाते.

आज हातात काय आहे

लसीची वाट बघत बसू नका, कारण एवढं आजच मिळतं:

- फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम येत नाही, केस गळलेत, स्पर्श कळत नाही: आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि एमडीटी मोफत आहे.
- घरात रुग्ण सापडला तर बाकीच्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात. तो नाकारू नका. बाळाला जन्मल्यावर दिलेली बीसीजीही थोडं संरक्षण देते.
- उपचार चालू असताना चट्टे लाल झाले, नस दुखू लागली किंवा बोटांतली ताकद गेली तर औषध बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- पाय बधिर असेल तर रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघा, पाण्यात भिजवा, तेल लावा. मऊ तळव्याची, खाली कडक सोल असलेली एमसीआर चप्पल कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळते. शेतावर जातानाही ती घाला.

हे शेवटचं साधं वाटेल, पण तळपायाचा व्रण याने टळतो. खानोलकरांनी सुरुवातीच्या चट्ट्यात जंतू शोधला तो त्या व्रणाच्या कितीतरी वर्षं आधीचा. तुमच्या घरातल्या कुणाच्या अंगावर तसा चट्टा असेल तर या आठवड्यात दाखवून या.